भानुदासच्या ओट्यावरचं अंतराळ

सन २०२३. कार्तिकाचा शेवट. रानात ज्वारी गुडघ्याला लागली होती. त्याच थंडीत भानुदासची नजर गेली, आणि आमच्या ओट्यावर किस्से साठायला लागले. धान्य साठवलं तर निदान किडा लागून कमी होतं. किश्शांचं तसं नाही. वाढतच जातात. म्हणून थोडे उपसतो.

आधी देण्याचं सांगतो. मी चौथी शिकलेला. नगरजवळ नागापूरला एकाच कारखान्यात भानुदास आणि मी नोकरीला. जेवणाच्या सुट्टीत तो मोठ्याने पुस्तक वाचायचा, मी भाकरी खात ऐकायचो. पुढे माझं बोट अक्षरावर ठेवून मलाच वाचायला लावायचा. आज मी जाड कादंबरी वाचतो, ती त्याच्यामुळे. हे देणं माझ्यावर राहिलं. मला देणं ठेवायला आवडत नाही.

रिटायर झाल्यावर दोघेही शेवगावजवळ आपल्या वस्तीवर परतलो. शुगरने त्याचे डोळे नेले तेव्हा मी म्हणालो, "आता मी वाचतो."

"वाच. पर बैल, बांध, भाऊबंदकी नगं. ते लई बघितलं. जे कुनीच बघितलेलं न्हाई ते वाच. तितं तू अन् मी सारखेच!"

अशा आमच्याकडे विज्ञान कादंबऱ्या आल्या. आणायचं काम रहीमभाई टेलरचं. त्यांचं दुकान शेवगावात, वाचनालयाला लागून. कव्हरवर यान दिसलं की उचलायचे आणि संध्याकाळी ओट्यावर हजर!

* * *

पहिली मंगळावरच्या वस्तीची. तिथे माणसं घामाचंसुद्धा पाणी गाळून पुन्हा पितात. मला लेखक अभ्यासू वाटला. रहीमभाईंना नाही.

"मापानं पानी, दिसभर धूळ, सावलीला झाड न्हाई. यात नवीन काय? माझी सासुरवाडी पाथर्डीकडची. लग्न झाल्यापासून मी मंगळावर जातोय!"

* * *

मग म्हाताऱ्याला सांभाळणाऱ्या रोबोची. भानुदासने मला मध्येच अडवलं.

"चहा करतो का त्यो?"

"करतो."

"साखर जास्त टाक म्हनलं तर?"

"डॉक्टरला कळवतो."

"मंग माझी सूनच बरी. ती निस्ती पुन्यातल्या माझ्या पोराला कळवती!"

* * *

काळाच्या यंत्राची एक होती. नायक मागच्या काळात जातो आणि आपल्या तरुण आईला भेटतो. ती त्याला ओळखत नाही. कुठले पाव्हणे, म्हणून विचारते, तांब्याभर पाणी देते आणि आत निघून जाते.

मी म्हणालो, "हे खोटं. आई वळखनारच."

भानुदास मग म्हणाला, "न वळखू दे. पानी तर दिलं!"

* * *

एका कादंबरीत गेलेल्या बायकोचा आवाज यंत्रात ठेवलेला आहे. नवरा कामावरून आला की यंत्र तिच्या आवाजात त्याचं नाव घेऊन हाक मारतं. तिथे मी पुस्तक मिटलं. माझी कौसल्या करोनाच्या आधीच गेली.

"का हो थांबले?" रहीमभाई.

"आमच्या घरी चालायचं न्हाई हे यंत्र. तिनं माझं नाव कधी घेतलंच न्हाई. यंत्र कुठून शिकनार?"

"लग्नात उखाण्यात घेतलं असंल की!"

"घेतलं हुतं. तवा बँड वाजत हुता. मला ऐकू आलं न्हाई."

त्या दिवशी पुढे वाचन झालं नाही.

* * *

मी टोपी घालून वाचतो. पुस्तक पाटावर ठेवतो. अध्याय संपल्याशिवाय कुणी उठायचं नाही, हा भानुदासचा नियम. त्यामुळे शेजारच्या गयाबाईला वाटलं, पोथी लागली आहे! ती एके दिवशी गुळाचा खडा घेऊन आली, पाटाला हात जोडले आणि पदर सावरून बसली.

चालू होती ती दूरच्या ताऱ्याकडे निघालेल्या यानाची कादंबरी. बसलेली माणसं वाटेतच म्हातारी होणार. उतरणार ती त्यांची नातवंडं. गयाबाई अध्यायभर हलली नाही. शेवटी म्हणाली, "दादा, ही परत येनार न्हाईत, हे त्यांच्या आयांना कुनी सांगितलं का?"

मी पानं उलटून पाहिली. कुठे लिहिलेलं नव्हतं.

"मंग पोथी अर्धी हाय तुमची," ती म्हणाली. गूळ मात्र ठेवून गेली. आणि दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन आली!

* * *

याच यानाच्या कादंबरीवर भानुदासने मला अडकवलं होतं. "येवढी पुरी कर. मंग तुझं देनं फिटलं. त्याआधी न्हाई."

मी संथ वाचतो. वैशाख लागला. त्याचा मुलगा त्याला कायमचं पुण्याला न्यायला कार घेऊन आला. एक अध्याय राहिला होता.

"अण्णा, ऊन व्हायच्या आत निघू."

"अध्याय राह्यलाय."

मुलगा माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही कशाला त्रास घेता? पुण्यात मी त्यांना मोबाईलवर ऐकवीन की."

"देनं माझं हाय. मोबाईलचं न्हाई," मी म्हणालो आणि गाडीत जाऊन बसलो.

निरोप द्यायला आलेले रहीमभाई मागे धावले. "पुस्तक वाचनालयाचं हाय! पुन्याला नेऊ नगा!"

अमरापूर गेलं, तिसगाव गेलं. करंजीच्या घाटात अक्षरं हलायला लागली, मी बोट ठेवून वाचलं. नगरचा स्टँड आला तरी अध्याय संपला नव्हता. मुलाने गाडी कडेला घेतली.

"काका, इथून तुम्हाला शेवगावची यष्टी मिळेल."

"इंजिन बंद कर," भानुदास म्हणाला.

मागून रिक्षावाले हॉर्न मारत होते. मी आवाज चढवला. यानातली सगळ्यात म्हातारी बाई काचेपाशी जाते. पृथ्वी कधीच दिसेनाशी झालेली असते. तरी ती त्या बाजूला तोंड करून उभी राहते. तिथे कादंबरी संपली.

भानुदासने हात पुढे करून पुस्तक चाचपलं. शेवटचं पान उलटलं. पुढे नुसता पुठ्ठा लागला.

"फिटलं," तो म्हणाला.