साडेतीनशे कॉम्प्युटर, झिरो एरर

परवा मंगळवारी दुपारी तळोज्याजवळच्या एका गावात म्हात्रेकाकांच्या ओटीवर बसले होते. नाव बदललंय. माफी मागायला गेले होते आणि काही केल्या मागवत नव्हती.

मागचं सांगते. तळोज्यातली रंगाची पावडर बनवणारी एक फॅक्टरी आमची कस्टमर आहे. तिथल्या एका शेडमध्ये शिशाचं काम चालतं, म्हणून कामगारांचं रक्त ठरावीक काळाने तपासतात. शिसं वाढलं की रिपोर्टमध्ये त्या माणसाचं नाव लाल होतं आणि सुपरवायझर त्याला शेडमध्ये सोडत नाही.

तो रिपोर्ट आमच्या तुर्भ्याच्या ऑफिसात बनतो. मी सगळे रिपोर्ट एका पॅकेजमध्ये बांधते आणि त्यांच्या नेटवर्कवरून प्रत्येक कॉम्प्युटरवर पाठवते. एकोणीस वर्षं हेच करतेय, त्यामुळे डोक्यात हवा होतीच.

या वेळी साडेतीनशे कॉम्प्युटर होते. तीन-चार मशीनवर रिपोर्ट उघडून बघितला... उघडतोय ना, नावं दिसतायत ना, झालं! त्याच दिवशी इथे पोस्ट टाकली होती, ‘साडेतीनशे कॉम्प्युटर, एक दुपार, झिरो एरर.’ तुम्ही भरभरून अभिनंदन केलंत.

आता माझा शहाणपणा ऐका. रिपोर्ट सेव्ह करताना एक टिक असते, ‘डेटासकट सेव्ह करा’. टेस्टिंगला बरी पडते, पण पॅकेज बांधण्याआधी ती काढायची असते, नाहीतर रिपोर्ट नवी माहिती आणतच नाही. मी ती काढायला विसरले.

म्हणजे शिळं जेवण डब्यात भरलं आणि साडेतीनशे ठिकाणी ताजं म्हणून वाढलं. वर छापलेली तारीख रोज आजची, आतली माहिती मी पॅकेज बांधलं त्या दिवशीची. कुणाला कळणार होतं?

त्याच आठवड्यात त्या शेडमध्ये काम करणाऱ्या म्हात्रेकाकांच्या रक्तात शिसं वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, सिस्टीममध्ये नोंदही केली. पण माझ्या रिपोर्टात काका हिरवेच राहिले... आणि तीन आठवडे शेडमध्ये जात राहिले.

हे पकडलं फॅक्टरीच्या मेडिकल रूममधल्या सिस्टरनी. काका पोट धरून त्यांच्याकडे आले. “तुम्हाला शेडमधून काढलं होतं ना?” सिस्टरनी विचारलं, तर काका म्हणाले, “कंप्युटरवर नाव हिरवा हाय ना सिस्टर, मना वाटला आता बरा झालो.” सिस्टरनी आपली हाताने लिहिलेली वही काढली. त्यात लाल पेनने काकांचं नाव होतं.

ट्रेनिंगच्या दिवशी सगळ्यांसमोर मी त्याच वहीवरून सिस्टरची टिंगल केली होती. “आता ही रद्दीत घाला हो!” सगळे हसले होते. त्याही हसल्या होत्या बिचाऱ्या... आणि वही चालूच ठेवली होती.

सिस्टरचा फोन आला आणि पाच मिनिटांत मला टिक सापडली. आमच्या ऑफिसातले सर म्हणाले, “नेटवर्क प्रॉब्लेम लिही, काही तासांचा. विषय संपव.” आणि मी फॅक्टरीला तसंच लिहिलं. कुणी डोक्यावर पिस्तूल धरलं नव्हतं, माझ्याच हाताने लिहिलं.

फॅक्टरीने त्यावरून हिशेब मांडला. नेटवर्क काही तासच बंद, म्हणजे बाकी दिवस नाव लालच दिसत असणार. मग डॉक्टरांनी सांगूनही हा माणूस आत का जात होता? काकांच्या हातात मेमो पडला. हे सिस्टरनी सांगितलं आणि मला जेवण जाईना.

म्हणून परवा तिथे गेले. काकांनी चहाचा कप डाव्या हाताने उचलला. उजव्या मनगटात जोर नाही, औषधं चालू आहेत. मला बघून तेच कानकोंडे झाले होते, जणू माझ्या कामात त्यांनी घोळ घातला.

“तुमी कशाला आल्या मॅडम येवढे उनान? नेटवर्क तं आमचे गावान पन जाता. त्यान तुमचा काय दोस?”

हे ऐकलं आणि रडूच आलं. म्हटलं, “काका, नेटवर्क चांगलं होतं. चूक माझी होती, आणि नंतर खोटंही मीच लिहिलं.”

मी तिथेच बसून मोबाईलवरून फॅक्टरीला खरा मेल लिहिला, सरांना कॉपी टाकली, आणि पाठवण्याआधी काकांना मराठीत वाचून दाखवला. काकूंना मेलचं काही नव्हतं. त्यांनी एकच विचारलं, “हात बरा होल ना पन?”



सरांनी अजून माझ्याशी बोलणं सुरू केलेलं नाही. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. काल सिस्टरचा फोन आला, मेमो मागे घेतला. त्यांचे आभार कुठल्या तोंडाने मानू? वही टाकू नका, एवढंच म्हणू शकले.

ती जुनी पोस्ट मी डिलीट करणार नाहीये. आज तिच्याखाली स्वतःच कमेंट टाकलीय, ज्यांनी अभिनंदन केलं त्यांनी जाऊन वाचा.

‘झिरो नव्हता. एक होता. त्याला सध्या शर्टाची बटणं बायको लावून देते.’