आप्पा आणि मिठाची पेटी

मुलांनो, वाटेत काही पडलेलं दिसलं की आमचे शेजारी आप्पा ते आधी पायाच्या अंगठ्यानं पालथं करीत, मग वाकून उचलीत. "टाकायचं कशाला? कामाला येतंय."

त्यांचा गोठा पाहून तुम्ही हसला असता. ट्रॅक्टरच्या जुन्या बॉनेटखाली कोंबड्या, टेबलफॅनच्या जाळीत लसूण. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणतो. त्या म्हणत, "एक दिवस मलाबी भंगारात ठिवतील." आप्पांचं उत्तर ठरलेलं: "तू कामाला येतीस. तुला कशी टाकीन?"

मोरी त्यांची लाडकी कालवड, पहिल्यांदाच गाभण. तिला चाटायला मिठाची वीट ते ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीच्या कापलेल्या पेटीत ठेवीत.

लंपीची साथ आली. लस सगळ्यांच्याच जनावरांना टोचली होती. इतर जनावरांच्या अंगावर दोन-चार गाठी येऊन गेल्या; मोरीचं अंग मात्र गाठींनी भरलं. तिनं चारा सोडला. आप्पा तिच्या मानेवर हात ठेवून नुसते बसून राहत.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांची नजर पेटीवर गेली. "आप्पा, मीठ यात?"

"व्हय. टाकायचं कशाला?"

त्यांनी मोरीचं रक्त तपासायला पाठवलं. त्यात शिसं निघालं, बॅटरीत असतं ते.

"म्हंजी लंपी मीच आणली?"

"नाही हो. लंपी विषाणूनंच होते. पण शिसं साठलं की जनावराची आजाराशी झुंजायची ताकद कमी होऊ शकते. आधी ही पेटी हलवा."

पेटी पोत्यात बांधून शिरूरच्या बॅटरीवाल्याकडे गेली. "ही न्हाई कामाची," असं आप्पांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

औषधं सुरू झाली. मग एका सकाळी कुंपणापलीकडून आप्पांनी मला हाक मारली, "बाई! रवंथ करतीया!" मी कणकेच्या हातांनीच धावले. काकू पदरानं डोळे पुसत होत्या आणि आप्पांना रागावत होत्या, "वरडू नका, बिचकंल ती!"

पुढे मोरी सुखरूप व्याली. दूध तपासून झाल्यावरच आमच्या घरी आलं. तुमच्या आईनं फोनवर विचारण्याआधीच सांगून ठेवते.

आता आप्पा-काकू दौंडला लेकीकडे राहतात. गोठा मुलगा बघतो. आप्पांचा फोन येतो तो मलाच. मुलावर त्यांचा भरवसा नाही.

"बाई, मीठ कशात हाय?"

"दगडी डोणीत, आप्पा."

"ऐकू द्या."

मी कुंपणावरून फोन पुढे धरते. मोरीची खरखरीत जीभ दगडावरून फिरत असते.

"चाटतीया," आप्पा म्हणतात, आणि फोन ठेवतात.