गाय दोहायला लागतो तेवढा वेळ

वाकोल्याच्या त्या चाळीत काशीरामसारखा हट्टी माणूस दुसरा नव्हता, आणि हे त्याच्या बायकोपेक्षा, शेवंतीपेक्षा, जास्त कुणाला ठाऊक असणार? मारुतीच्या देवळात एका बुवांनी पुराणातलं सांगितलं होतं: गृहस्थाने जेवायला बसण्याआधी, गाय दोहायला लागतो तेवढा वेळ दारात उभं राहून अतिथीची वाट बघावी; आवडता असो की वैरी, त्या वेळात येईल तो देव. बाकीचे ऐकून घरी गेले आणि जेवले. हा बाबा मात्र दुसऱ्या दिवसापासून दारात उभा!

शेवंतीने कणकवलीला माहेरी लहानपणापासून धारा काढलेल्या. काशीरामने गायीच्या शेपटीलाही कधी हात लावला नव्हता, त्यामुळे त्याची गाय दोन गायींइतका वेळ घ्यायची. "ओ, गाय आटली, आता जेवा!" असं ती आतून ओरडायची.

ब्याऐंशीत गिरण्यांचा संप झाला. काशीराम त्यातला खंदा माणूस. सहा महिन्यांत घरातले डबे तळाला गेले, पण त्याचं दारात उभं राहणं चुकलं नाही. चाळीतला तुळशीदास मात्र फुटला आणि पोलिसांच्या गाडीतून कामावर जाऊ लागला. चाळीने त्याला वाळीत टाकलं. जो त्याला घोटभर पाणी देईल तोही वाळीत, असं ठरलं. आणि ते ठरवायला पुढे होता काशीरामच.

जुलैतल्या एका दुपारी काशीराम तापाने फणफणला होता. उठवेना.

"आज तू उबी रव दारात," तो म्हणाला.

चुलीवर दोघांपुरती पेज होती, बस्स. शेवंती कपाळाला आठ्या घालून दारात गेली, तर समोरून तुळशीदास येतोय! गल्लीतल्या खानावळीने त्याला दारातूनच परतवलं होतं. रिकामा डबा हातात, मान खाली. ओट्याओट्यांवर बाया टक लावून बसलेल्या.

झाला की वेळ, वळावं आत, असं तिने मनाशी म्हटलं. पण वेळ झाला नव्हता. काशीरामला हे कळलं नसतं, तिला कळत होतं. मनातल्या गायीच्या आचळात अजून दूध होतं. देवाला एखाद वेळ फसवता येईल, स्वतःच्या बोटांना कसं फसवणार? उद्यापासून नळावर आपली घागर कुणी लावू देणार नाही, हेही तिला लख्ख दिसत होतं. तरी तोंडून निघालंच, "भावजी, जेवूक येवा."

तुळशीदास तिच्यामागोमाग आला.

आत खाटेवर काशीराम दिसताच तुळशीदास उंबऱ्यात थिजला. शेवंतीला वाटलं, नवरा आता दोघांनाही बाहेर काढणार! काशीराम भिंत धरून उठला. तांब्या घेऊन त्याने तुळशीदासच्या पायांवर पाणी घातलं, पाट मांडला आणि आपल्या वाटणीची पेज त्याच्यापुढे ठेवली.

"काशीराम, मी कोण ता ठावक आसा ना तुका?" तुळशीदासने विचारलं.

"ठावक आसा. उद्या गिरणीच्या गेटार मीच तुका आडवतलंय. आज तू माझो पावणो. जेव."

अकरा वर्षं ज्याला खुळा म्हणून शेवंती हसत आली, त्याच्याएवढा मोठा माणूस तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तिने आपल्या वाटणीची पेजही पाहुण्याच्या ताटात ओतली, आणि कुणी सांगितलं नसताना दोघांच्याही पाया पडली.