बाबांच्या पायाखालचा गालिचा

आमच्या भाईंदर पूर्वेच्या दोन खोल्यांत सहा गालिचे आहेत, आणि त्यांतला एकही कधी जमिनीवर नव्हता. दोन इराणी शहरांतले, बाकीचे कुर्दी. मुंबईतली जुनी घरं रिकामी होतात तेव्हा सामानासोबत असं काहीतरी बाहेर पडतं; तिथून वर्षानुवर्षं एकेक आणत गेलो. सुती चादरीत गुंडाळलेले, आत कडुनिंबाचा पाला, पलंगाखाली नाहीतर कपाटावर. रविवारी एखादा उलगडायचा, उलटा करून गाठी न्याहाळायच्या, परत गुंडाळायचा. बायको म्हणायची, "जाऊबाईंकडे कुत्रा आहे, आपल्याकडे हे. कुत्रा निदान शेपूट तरी हलवतो."

बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांना मोरव्याच्या गावच्या घरातून आमच्याकडे आणलं. उभा जन्म मिठागरात गेलेला माणूस. तिथली जमीन तुडवून तुडवून सपाट करणारे ते पाय. आता डावा उचलत नव्हता. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी म्हणाली, "लादी गुळगुळीत आहे, अंकल घाबरतायत. खाली काहीतरी जाड घाला. आणि आत्ताचे महिने सोडू नका. आत्ता चालले तर चालले."

मी रबरी चटई आणली. ती सरकली, बाबा भिंतीला धरून वाचले. बायकोने पलंगाखाली बघितलं.

मग मी बिजार काढला. बिजार हे कुर्दी मुलखातलं गाव. तिथला गालिचा इतका ठोकून विणतात की त्याची घडी होत नाही. केली तर पाठ मोडते. जड असतो, जागचा हलत नाही.

"एवढा पैका घालून आणला आणि खाटंखाली लपवला?" बाबा म्हणाले. "लग्नातली सतरंजी बरी, लोकांच्या बुडाखाली तरी येते." पण चालू लागले. थोड्याच दिवसांत दारापासून खिडकीपर्यंत जायला लागले.

एका सकाळी, फेरीच्या मधोमध, त्यांना पायजम्यातच लघवी झाली. मी टॉवेल घेऊन धावलो. त्यांच्या पायांशी गुडघे टेकले आणि गालिचा टिपायला लागलो. लोकरीने ओल आत ओढायच्या आधी ती टिपून घ्यायची, हे मला पक्कं ठाऊक होतं. ओल्या पायजम्यात, वॉकर धरून, बाबा थरथरत उभे होते. वरून आवाज आला, "आधी त्यालाच पूस. त्याचं वय माज्यापेक्षा जास्त हाय."

बायको स्वयंपाकघरातून येऊन त्यांना घेऊन गेली, तोवर मी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाबा उठेनात. पाय दुखतो म्हणायचे. ती मुलगी समजावून थकली. मी तिला म्हटलं, "हट्टी आहेत, पहिल्यापासून." बायकोलाही तेच सांगितलं. आधी गालिचा पुसल्याचं, बाबांच्या त्या बोलण्याचं कुणालाच नाही. पाय आखडत चालला होता आणि मी कामावरून येऊन विचारायचो, "आज तरी उठले का?" जसं काही कारण मला माहीतच नव्हतं.

एका संध्याकाळी त्या मुलीने दारात चपला घालता घालता सांगितलं, "असंच राहिलं तर मग व्हीलचेअरच."

आत जाऊन बाबांच्या शेजारी बसलो. आम्हा दोघांना बोलायची सवय नाही. म्हटलं, "त्या दिवशी मी आधी तुम्हाला धरायला हवं होतं. ते सोडून गालिचा पुसत बसलो. तुमचा पाय दुखत नाहीये, मला माहितेय." बायको आमटीचा डाव हातात घेऊन दारात उभी होती. तिनेही ऐकलं.

बाबांनी कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या गालिच्याकडे हनुवटी वळवली. मग म्हणाले, "कोन करतं रं ते? कारखान्यात व्हतं?"

इतक्या वर्षांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि मीही आपणहून सांगितलं नव्हतं. "नाही, हा घरीच केलेला. बाया विणतात. मेंढ्या त्यांच्या, लोकर त्यांची, मागही घरातच."

"घरात पोरं असतील की."

"असणारच."

"मंग ती काय मुतली न्हाय त्याच्यावर? का तुजी वाट बघत ऱ्हायली?"

बायको डाव तोंडापुढे धरून हसायला लागली. मलाही हसू आलं.

"हातर," बाबा म्हणाले. मी बिजार पसरला.

एका बाजूने बायको, डाव्या बाजूने मी, काखेत हात घालून त्यांना उभं केलं. खोटं कशाला सांगू, माझी नजर खाली गेलीच. लाल रंगात ओलीची पिवळट कड दिसत होती. बाबांनी मला बघताना पकडलं. "खाली काय बघतो? मना धर."

मी धरलं. डावा पाय उचलला नाही, घासत आला, पण आला. खिडकीपाशी वळायची वेळ झाली तेव्हा त्यांनी वॉकर सोडला आणि सगळा भार माझ्यावर टाकला.