मेंढ्या बसलेली शाळा

सुभद्राबाईचं तोंड वाईट, असं वाडीत सगळेच म्हणत आणि तिच्यासमोर कुणीच म्हणत नसे. हिंगोलीकडं साखरा गावाच्या पुढं माळावर धनगरांची एक वाडी आहे, तिथली ही बाई. नवरा नामाजी स्वभावानं इतका गरीब, की भुंकणाऱ्या कुत्र्यालाही अहो-जाहो करायचा. त्यामुळं घरातलं भांडायचं काम सगळं सुभद्राबाईकडं आलं होतं आणि ते ती मन लावून करायची. पण जिथं खरंच भांडायला हवं होतं, तिथं ती एकदा गप्प बसली. ती गोष्ट तिच्या मनातून पुढं कित्येक वर्षं गेली नाही.

अठ्ठ्याण्णवचा मे महिना होता. हिंगोली जिल्हा अजून व्हायचा होता, सगळा कारभार परभणीहून चाले. वाडीच्या शाळेपुढची जागा म्हणजे नुसता मुरूम. दर पावसाळ्यात संतराम गुरुजी पोरांकडून रोपं लावून घेत आणि उन्हाळा आला की त्यांच्या काड्या होत. गुरुजी कुरकुरायला लागले तशी सुभद्राबाई म्हणाली, "गुरुजी, जमिनीला खायाला घालता का काही? का नुसतं मागूनच राहिले? सुट्टीत आमी मेंढ्या बसवतो."

मेंढ्या बसवणं म्हणजे मोकळ्या रानात रात्री कळप बसता ठेवायचा. लेंड्या-मुताचं खत आपोआप जमिनीत मुरतं. त्यासाठी शेतकरी धनगराला ज्वारी देतात आणि वर बोलवायला चार खेपा घालतात. पण थोरली लेक शिवकन्या याच शाळेतून सातवी पास झालेली, तिथं ज्वारी कसली घ्यायची? सुभद्राबाईनं शाळेपुढं जाळी लावली आणि कळप बसवला.

एका सकाळी पाण्याच्या टँकरची बातमी शोधत एक पेपरवाला मोटारसायकलवर आला. टँकर काही सापडला नव्हता, त्यामुळं तो आधीच चिडलेला. शाळेच्या पायरीवर एक कोकरू सावलीला येऊन उभं होतं, ते त्याला दिसलं.

"बाई, हे काय चाललंय?"

"शाळेत मेंढ्या बसवल्या," सुभद्राबाई म्हणाली.

"शाळेत? आणि पोरं?"

"पोरायचं काय काम इथं? ते रानात असतेल न्हाई तर घरी."

"गुरुजींना चालतं हे?"

"त्यायनंच तर बलवलं." तिनं अभिमानानं सांगितलं. हा माणूस गावोगाव फिरतो, तेव्हा बसवणं म्हणजे काय ते त्याला ठाऊक असणार, असं ती धरून चालली. सुट्टी चालू आहे हे सांगायचं तिला सुचलं नाही आणि विचारायचं त्याला सुचलं नाही.

दोन दिवसांनी साखऱ्याच्या हॉटेलात पेपर आला. कोकराचा फोटो, त्यावर ठळक अक्षरांत 'पोरं रानात, मेंढ्या शाळेत', आणि खाली बराच मजकूर. शिक्षणाचं वारं न लागलेला बिचारा समाज, आईबापांनाच शाळेची गोडी नाही, असलं काय काय. शिवकन्येनं ते आईला अडखळत वाचून दाखवलं. 'बिचारा'पाशी सुभद्राबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण करणार काय? माणूस समोर असता तर तिनं त्याला सोलून काढला असता. छापलेल्या कागदाशी कसं भांडायचं ते तिला ठाऊक नव्हतं.

जूनमध्ये शिवकन्या बाजारच्या गावी हायस्कूलला, आठवीत गेली. पहिल्याच तासाला सरांनी नव्या पोरांना जुन्या शाळेचं नाव विचारलं. तिनं सांगितलं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "बँऽऽ." अख्खा वर्ग हसला, सरही हसले. रोज हजेरीला तेच व्हायला लागलं. शेवटी एके दिवशी तिनं दप्तर खुंटीला अडकवलं आणि काही न बोलता मेंढ्यांमागं गेली. सुभद्राबाई तेव्हाही गप्प राहिली. पोरीला पुढच्या साली उजवून टाकलं. दप्तर मात्र सुभद्राबाईनं खुंटीवरून काढलं नाही.

कळप मात्र ती दर उन्हाळ्यात शाळेपुढं बसवत राहिली. गुरुजी भीत भीत म्हणाले, "लोक नावं ठेवतात, बाई." ती म्हणाली, "ठेवू द्या. आणखी दोन ठेवा म्हणावं." मुरमात निंब धरले आणि हळूहळू छपराच्या वर गेले. धाकटी रागिणी त्याच शाळेत वरच्या वर्गात गेली, तेव्हा दुपारचे वर्ग निंबाखालीच भरत.

रागिणी सातवीत असताना, दोन हजार सातच्या उन्हाळ्याच्या तोंडाला, वादळात शाळेचे पत्रे उडाले. शाळेच्या समितीचे अध्यक्ष माणिकराव मोठे जमीनदार, चार ठिकाणी ओळखी असलेले. त्यांनी टीव्हीवाल्यांना बोलावून आणलं. टीव्हीवर दिसलं की नवी वर्गखोली मंजूर होते, हे त्यांना पक्कं माहीत होतं. टीव्हीवाला पोरगा जीप घेऊन आला. वाडीचं नाव त्यानं जुन्या कात्रणात वाचलेलं होतं. उडालेल्या पत्र्यांकडं त्यानं धड पाहिलंही नाही.

"मेंढ्या कुठायत? त्या वर्गात घाला ना. फळ्यासमोर. मस्त दिसेल."

माणिकरावांनी नामाजीला खूण केली. नामाजी बिचारा काठी घेऊन निघालासुद्धा. सुभद्राबाई वर्गाच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली.

"काहून घालायच्या?"

"दोन मिन्टाचं काम हाय, बाई," माणिकराव म्हणाले. "खोली मिळून राहिली ना लेकरायला. तुमाला काय तकलीफ हाय?"

"तकलीफ मला न्हाई, माणिकराव. मेंढी आत घातली का लेकरू बाहेर निघतं. माझं एक निघालं. ते कुठल्या टीव्हीवर दाखवलं व्हतं?"

संतराम गुरुजी जमिनीकडं पाहत राहिले.

टीव्हीवाला हसून म्हणाला, "मावशी, तुमच्याच भल्यासाठी आहे. लोकांना दया यायला पाहिजे."

"दया तुझ्या घरी ने. पत्रे उडाले, ते दाखव. त्या निंबाखाली पोरं वाचून राहिले, ते दाखव."

"त्यात बातमी काय आहे?"

"मंग बातमी न्हाई म्हणून सांग तुझ्या मालकाला."

त्यानं आणखी थोडी घासाघीस केली, पण बाई उंबऱ्यातून हलली नाही. जीप धुरळा उडवत गेली. खोली काही मंजूर झाली नाही. वाडीच्या माणसांनी वाकलेले पत्रे ठोकून सरळ केले आणि दगडं ठेवून पुन्हा चढवले. ते पावसात गळायचे. माणिकराव तिच्याशी बोलेनासे झाले, आणि तिनंही त्यांची वाट पाहिली नाही.

जून उजाडला. रागिणी आठवीला त्याच हायस्कूलात चालली होती. खुंटीवरचं दप्तर सुभद्राबाईनं स्वतः धुतलं, बंद शिवले आणि तिच्या खांद्याला अडकवलं. या वेळी ती बरोबर गेली. वर्गाच्या खिडकीखाली भिंतीला टेकून बसली. समोर मोठं मैदान, उघडंबोडकं. सावली म्हणून भिंतीची तेवढी.

आत हजेरी सुरू झाली. रागिणीनं शाळेचं नाव सांगितलं आणि मागून आवाज आला, "बँऽऽ." वर्ग हसला. इतक्या वर्षांत पोरं बदलली, पण ती बातमी कुणी विसरलं नव्हतं. सुभद्राबाई काठी टेकून उठली. ती दारापर्यंत पोचायच्या आत रागिणीचा आवाज आला.

"व्हय सर, आमच्या शाळेत मेंढ्या बसत्यात. दर साली बसत्यात. म्हणून आमच्याकडं निंब हायेत. तुमच्या शाळेपुढं एक बी झाड न्हाई. मायला सांगू का बसवायला?"

पुन्हा कुणीतरी 'बँऽऽ' करायला सुरुवात केली, पण ते मध्येच थांबलं. पोरं सरांकडं बघत होती आणि सर खिडकीतून मैदानाकडं.

सुभद्राबाई दाराशी थबकली. तिला शिवकन्या आठवली, डोळे भरून आले, आणि आपल्याला रडू येतंय याचाच तिला राग आला. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि दारातून आत डोकावली.

"सांगा सर, कव्हा बसवू," ती म्हणाली. "फकस्त त्या दिशी पेपरवाल्याला बलवा."