पुसू दिलं नाही

आमच्या शिंदखेड्याकडं होळी झाली की बायका गच्चीवर ज्वारीचे बिबडे घालतात, पापडासारखे. यंदा नात माझ्यासंगं बसली होती. नववीतली पोरगी. डोक्याला फडकं, गालाला पीठ. शेजारच्या गच्चीवरून तिच्याच वर्गातल्या पोरीनं तिचं शूटिंग केलं अन् पोरापोरींच्या ग्रुपवर टाकलं. मग काय, पोरं सुटलीच. कोणी तिला माकडाचं तोंड लावलं. कोणी खाली घाण घाण लिहिलं.

मला हे मागून कळलं. पोरगी रोज म्हणे पोट दुखतं, शाळेत जात नव्हती. परीक्षा तोंडावर. शेवटी रडत रडत तिनं फोन दाखवला.

माझा मुलगा, पोरीचा बाप, तापला. "बठ्ठं बंद! शाया बी बंद, फोन बी बंद. आण तो इकडे, पुशी टाकस." शाळा, फोन, सगळंच बंद करून तो ते पुसायला निघाला.

पोरगी मला बिलगली. "आजी, पुसू नको दिऊ. मॅडमनी सांगेल शे, असं काही आलं तर ठेवा अन् आमले दाखवा."

मी चौथीत होते तेव्हा शाळेच्या भिंतीवर कोणीतरी कोळशानं माझ्याबद्दल वंगाळ लिहिलं होतं. मायनं उजाडायच्या आत शेणानं भिंत सारवली. लिहिणारा कोण, ते कधी कळलंच नाही. माझी शाळा त्या दिवशी कायमची सुटली. लिहिणारा पुढं शिकला असंल. मी लोकांच्या शेतात कापूस वेचला, नवरा गेल्यावर पण वेचला.

मी फोन पदराला बांधला.

"तुले काय समजस माय त्यामधलं?" मुलगा म्हणाला.

"काहीच नही. म्हणीसन तर शायामा जास." अन् पोरीला घेऊन मी शाळेत तिच्या मॅडमकडं गेले.

मॅडमनी सगळं पाहिलं, आपल्या फोनमध्ये ठेवून घेतलं. पोरांच्या आईबापांना बोलावलं. शूटिंग करणाऱ्या पोरीची आई, आमची शेजारीण, म्हणाली, "गंमत केली हो पोरांनी, त्यात काय!"

"गंमत आहे तर खालचं वाचून दाखवा ताई," मॅडम म्हणाल्या.

शेजारणीनं वाचायला घेतलं अन् मधेच थांबली.

पोरांनी तिथंच सगळं काढून टाकलं. आधीच कुठं कुठं गेलं असंल, ते मॅडमलाही सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी पोरगी दप्तर घेऊन उंबऱ्यात थांबली. "आजी, वर्गातले पोरं-पोरी हसतीन."

"हसतीन. तू जाय."

मुलानं गाडी काढली अन् तिला शाळेत सोडून आला.