लाल गाडीचं पासिंग

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात कुठल्याही गोष्टीला पहिल्या खेपेला पास केलेलं नाही. ते मोटार वाहन निरीक्षक होते. नोकरीत चार-पाच जिल्हे फिरले आणि प्रत्येक जिल्ह्यातल्या ट्रकवाल्यांनी, रिक्षावाल्यांनी यांची बदली व्हावी म्हणून देवाला साकडं घातलं. ते लाच घेत नसत, ही गोष्ट खरी आहे आणि ती आमच्या सासुरवाडीत सगळे अभिमानानं सांगतात. पण लाच घेणारा माणूस निदान कधीतरी खूश होतो. साडूंना खूश झालेलं कुणी बघितलं नव्हतं. घरी मेव्हणीनं वांग्याची भाजी केली तर पहिला घास चावून ते म्हणत, "मीठ बरोबर आहे. देठ काढायला पायजे होतं." माझं लग्न ठरत होतं तेव्हा मला बघायला सासऱ्यांनी यांनाच त्यांच्या गावाहून, पिशोरहून बोलावून घेतलं. त्यांनी मला अंगणात इकडून तिकडं चालायला लावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "उजवा खांदा उतरलाय. बाकी चालंल." सासऱ्यांनी तरीही मुलगी दिली, याचं साडूंना अजून नवल वाटतं.

मी हे हसत लिहितोय, पण हसू वरवरचं आहे. पडेगावात मी शाळेच्या मुलांची व्हॅन चालवत होतो. एका रविवारी ते पाहुणे म्हणून आले, चहा व्हायच्या आत व्हॅनखाली शिरले आणि बाहेर येऊन कपडे झटकत म्हणाले, "पाहुणे, ब्रेकचा पाईप सडलाय. लेकरं न्यायच्या लायकीची नाय ही गाडी." एवढ्यावर थांबले असते तर मी पाईप बदलला असता. पण ते गल्लीतल्या चार आईबापांच्या घरी स्वतः जाऊन सांगून आले. पंधरा दिवसांत माझी सगळी मुलं दुसऱ्या व्हॅनमध्ये गेली आणि मी एका गोदामात नोकरीला लागलो. पाईप खरंच सडला होता. ते खोटं बोलले असते तर त्यांना विसरणं सोपं गेलं असतं.

त्यांच्या एकुलत्या एका मुलाला गाड्यांचंच वेड लागलं, यात काही नवल नाही. इंजिनिअर झाल्यावर त्यानं कुठूनतरी एक जुनी स्पोर्ट्स कार आणली. दोन दारं, दोनच सीटा, आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे जमिनीवर मांडी घालायला निघाल्यासारखं वाटायचं. पत्रा गंजून जाळी झाला होता. पोरानं दोन वर्षं सुट्ट्या घालवून तो कापला, नवा जोडला, गाडीला लाल रंग दिला. अशा जुन्या गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज टाकायचं त्याच्या मनात होतं. हे तो मला सांगायचा, बापाला नाही. पिशोरला चुलत बहिणीच्या साखरपुड्याला तो ती गाडी घेऊन आला, तेव्हा अख्खं गाव मांडव सोडून गाडीभोवती जमलं. साडू आले. नव्या सफारी सुटासकट जमिनीवर उताणे झाले, गाडीखाली गेले, आणि लई वेळ बाहेरच आले नाहीत. आले तेव्हा म्हणाले, "सायलेन्सर बदललाय. टायर नियमापेक्षा रुंद आहेत. ही गाडी रस्त्यावर आणायची नाय. चावी दे."

पोरानं चावी दिली. जेवला नाही. एसटीनं परत गेला. पुढं दोन-तीन महिन्यांत जर्मनीला नोकरी धरली आणि निघून गेला. दर रविवारी आईला फोन करतो. बापाची चौकशी करतो, पण बापाला फोन द्या असं म्हणत नाही. बापही मागत नाही. गाडी पिशोरच्या अंगणात ताडपत्रीखाली पडली, आणि तिथंच तिला पंधरा वर्षं पूर्ण होऊन नोंदणीची मुदत संपली.

साडू निवृत्त होऊन गाडीसकट शहरात राहायला आले, त्याला सहा महिने झाले असतील. एका सकाळी मला बोलावणं आलं. ताडपत्री काढलेली होती. "पाहुणे, हिला पासिंगला न्यायची," ते म्हणाले. मुदत संपलेल्या गाडीची नोंदणी पुन्हा करायची तर ती अधिकाऱ्यांपुढं उभी करून तपासून घ्यावी लागते, ते हे पासिंग. मी विचारलं, "कशासाठी?" ते म्हणाले, "कागद अपुरे आहेत म्हणून."

यापेक्षा जास्त कारण त्यांनी कधी दिलं नाही. पुढचं वर्षभर मात्र माझे सगळे रविवार त्या गाडीखाली गेले. मूळचा सायलेन्सर सापडेपर्यंत आम्ही भंगाराची दुकानं पालथी घातली. टायर नियमात बसणारे आणले. वायपर, हॉर्न, दिवे, सगळं केलं. आणि दर महिन्याच्या शेवटी ते स्वतःच निरीक्षक होऊन गाडी तपासत आणि नापास करत. एकदा नंबरप्लेटचा स्क्रू तिरका होता म्हणून नापास केली. मेव्हणी दारात उभी राहून म्हणाली, "पोराला बी असंच केलं तुम्ही." त्यांनी स्क्रू सरळ केला.

तपासणीच्या दिवशी गाडी त्यांनी छोट्या ट्रकवर चढवून नेली, कारण मुदत संपलेली गाडी रस्त्यावर चालवणं त्यांच्यानं होईना. लोकांना वाटलं, भंगारात निघाली. तपासायला एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी उमेदवारी साडूंच्याच हाताखाली केलेली. त्या उठून उभ्या राहिल्या. "सर, तुमची गाडी काय बघायची? द्या, सही करते."

साडूंनी कागद मागं घेतले. "बघितल्याशिवाय सही करायची नाही, असं सांगितलं होतं मी."

मॅडमचा चेहरा उतरला. मग त्यांनी अशी गाडी तपासली की साडूंनीही तपासली नसती. शेवटी गाडी चढावर उभी केली आणि हँडब्रेक ओढला. गाडी वीतभर मागं सरकली. "सर, नापास करावी लागेल," त्या खाली बघत म्हणाल्या. "बरोबर आहे," साडू म्हणाले. परत येताना त्यांनी मला क्रांती चौकात थांबवून स्वतःहून चहा पाजला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या खेपेला गाडी पास झाली. त्यांनी तो कागद तीनदा वाचला आणि मेव्हणीच्या फोनवरून त्याचा फोटो पोराला पाठवायला लावला. तासाभरानं उत्तर आलं: "छान. आता गिऱ्हाईक मिळेल. विकून टाका." मेव्हणीनं ते मोठ्यानं वाचलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. साडूंनी कागदाची घडी घातली, मला म्हणाले, "चला, एक चक्कर मारू."

दौलताबादच्या रस्त्यानं आम्ही चाळीसच्या वेगानं निघालो. मागून येणारे टेम्पोसुद्धा हॉर्न देऊन पुढं जात होते. बराच वेळ गेल्यावर ते म्हणाले, "त्या दिवशी पिशोरला मी खाली गेलो होतो ना, तेव्हा वेल्डिंग बघितलं होतं. लई चांगलं होतं. असं काम मी कंपनीच्या गाडीलाबी बघितलं नाय."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तेव्हा सायलेन्सर बदललेला होता," ते म्हणाले.

मला इतका राग आला की गाडीतून उतरून चालत घरी जावंसं वाटलं. एका वाक्यानं घरात राहिलं असतं ते पोरगं. त्यांच्या घरी परत आल्यावर मीच त्याला फोन लावला आणि बाप काय म्हणाला ते सांगितलं. मग त्यानं विचारलं, "काका, कुठलं वेल्डिंग म्हणाले? तळाचं की दाराचं?"

मी म्हटलं, ते मी विचारलं नाही.

"विचारून सांगा."

मी अंगणात जाऊन विचारलं. साठीला आलेला तो माणूस फरशीवर उताणा झाला आणि गाडीखाली गेला. फक्त चपला बाहेर दिसत होत्या. बऱ्याच वेळानं खालून आवाज आला, "दोन्हीकडचं. पण त्याला सांगा, डावीकडं एका जागी थर जाड झालाय."

मी पोराला एवढंच कळवलं: दोन्हीकडचं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. साडू मात्र आता रविवारी मेव्हणीचा फोन वाजला की पूर्वीसारखे बाहेर जात नाहीत. तिथंच पेपर उघडून बसतात, आणि फोन संपेपर्यंत त्यांचं पान उलटत नाही.